भिंत कोणाची? काळ्या घोड्याच्या परिसरातील दोन कलादालनांची गोष्ट

८ फेब्रुवारी २०१९. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात, म्हणजे सारे शहर ज्याला ‘एनजीएमए’ म्हणते त्या वास्तूत, चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनाचे उद्घाटन होते. बरवे जाऊन तेवीस वर्षे झाली होती. अलिबागजवळच्या नागावात जन्मलेला, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला, विणकर सेवा केंद्रात नोकरी केलेला आणि ‘कोरा कॅनव्हास’सारखे चित्रविचाराचे पुस्तक मराठीत लिहून ठेवणारा हा चित्रकार. त्याच्या शहराने त्याच्यासाठी घुमटापर्यंतचे मजले रिकामे केले होते. पाहुण्यांमध्ये अमोल पालेकर होते. नट आणि दिग्दर्शक म्हणून ते घरोघरी ठाऊक असले तरी त्यांचे मूळ शिक्षण जे. जे.मधील, चित्रकाराचे.

बोलता बोलता पालेकर एका प्रशासकीय वाटणाऱ्या बाबीकडे वळले. संग्रहालयाच्या मुंबई आणि बंगळूरु केंद्रांत कोणती प्रदर्शने भरवावीत हे सुचवणाऱ्या, स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या आता उरलेल्या नाहीत; यापुढचे निर्णय दिल्लीतून होतील; येथील चित्रकारांच्या प्रदर्शनांना जेमतेम घुमटाखालची जागा मिळेल, अशी चिंता त्यांनी बोलून दाखवली. व्यासपीठावरूनच त्यांना पुनःपुन्हा थांबवण्यात आले. विषय बरव्यांचा आहे, तेवढेच बोलावे, असे सुचवण्यात आले. शेवटी भाषण आवरते घेऊन ते खाली बसले.

पुढचे काही दिवस त्या चित्रफितीवर वाद झडले आणि ते सारे भाषणस्वातंत्र्याविषयी होते. पालेकरांना बोलू द्यायला हवे होते की नको, सौजन्य कोणी सोडले, व्यासपीठाची मर्यादा काय, यावर सर्वांनी मते दिली. समितीचा मूळ मुद्दा मात्र त्या गदारोळात मागे पडला. सार्वजनिक कलादालनाच्या भिंतीवर काय लागणार हे कोणी ठरवायचे, हा तो मुद्दा. मुंबईत तो नवा नाही. ज्या चौकाच्या कडेला हे सारे घडले तेथून हाकेच्या अंतरावर हाच प्रश्न गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत निरनिराळ्या रूपांत पुढे आलेला आहे. हा धागा त्याविषयी.

रीगल चित्रपटगृहासमोर उभे राहिले की रस्त्याच्या एका अंगाला एनजीएमएची दगडी वास्तू दिसते, दुसऱ्या अंगाला वस्तुसंग्रहालयाचा घुमट आणि त्या संग्रहालयाच्या आवारालगत, काळ्या घोड्याच्या बाजूला, जहांगीर आर्ट गॅलरी. दोन्ही कलादालनांचे मूळ एकाच पारशी घराण्याच्या देणगीत आहे. एनजीएमए ज्या वास्तूत आहे तो सर कावसजी जहांगीर हॉल १९११चा. त्याचा आराखडा जॉर्ज विटेट यांचा. समोरचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, हेही त्यांचेच. पुढच्या पिढीतील सर कावसजी जहांगीर यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, जहांगीरच्या, स्मरणार्थ १९५२मध्ये गॅलरी उभारून दिली. एकाच घराण्याचा पैसा आणि एकच परिसर, तरी भिंतीचा कारभार दोन ठिकाणी पूर्णपणे भिन्न पद्धतीने चालत आला. म्हणूनच या दोन वास्तू शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

आता थोडे मागे जाऊ.

१८८८मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. तिचे वार्षिक प्रदर्शन हा अनेक दशके मुंबईतील चित्रकाराच्या आयुष्यातील सर्वांत मोठा दिवस असे. महादेव विश्वनाथ धुरंधरांना १८९५मध्ये तिचे सुवर्णपदक मिळाले; अमृता शेरगिलला १९३७मध्ये. पदक मिळाले की संस्थानिक, गोरे अधिकारी, श्रीमंत व्यापारी यांच्याकडून कामे येत. पण हे वर्षातून एकदा, आणि तेही परीक्षक मंडळाने स्वीकारले तर. उरलेल्या वर्षभरात चित्र लावायचे तरी कोठे? कोणाच्या दिवाणखान्यात, एखाद्या हॉटेलात, नाहीतर चौकटीच्या दुकानात.

शेवटचा पर्याय थट्टेचा नाही. केकू गांधी यांनी १९४१मध्ये चित्रांच्या चौकटी बनवण्याचा धंदा सुरू केला. ‘केमिकल मोल्डिंग’ या शब्दांवरून त्याचे नाव पडले केमोल्ड. चौकटीच्या नमुन्यांत काहीतरी हवे म्हणून दुकानाच्या दर्शनी भागात तरुण चित्रकारांची चित्रे लागू लागली. आरा, हुसेन, हेब्बर असे चित्रकार त्यांत होते. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या आरंभीच्या भिंतींपैकी एक भिंत अशी चौकटविक्रेत्याची होती, ही गोष्ट कलेतिहासाच्या गंभीर ग्रंथांत जरा आडबाजूला राहते.

परीक्षक मंडळाच्या भिंतीचे काय होते, याचीही एक कथा प्रसिद्ध आहे. कृष्णाजी हौळाजी आरा. घरगडी म्हणून राबलेला, मोटारी धुतलेला, स्वतःच चित्रकला शिकलेला माणूस. स्वातंत्र्याच्या जल्लोषावर त्याने काढलेले मोठे चित्र सोसायटीने नाकारले आणि त्या रागातून १९४७मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप जन्माला आला, असे सांगितले जाते. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाक्रे हे त्याचे पहिले सहा सदस्य. एका नकारातून एवढे सारे निघाले असे मानणे जरा सोपे आहे. गटामागे युरोपातून मुंबईत आलेली लँगहॅमर, फॉन लायडेन, श्लेसिंगर ही जाणकार माणसेही होती. तरी कथेतली खंत खरी आहे. वर्षात एकच भिंत असली आणि तिच्या दारात एकच मंडळ बसलेले असले, की त्या मंडळाची रुची हीच शहराची रुची ठरते. गंमत अशी की १९४९मध्ये या गटाचे पहिले प्रदर्शन भरले तेही रॅम्पार्ट रो येथील त्याच सोसायटीच्या दालनात. उद्घाटनाला मुल्कराज आनंद होते. नाकारणारे आणि जागा देणारे हात पुष्कळदा एकाच संस्थेचे असतात.

जहांगीर आर्ट गॅलरी या पार्श्वभूमीवर उभी राहिली. चित्रकार के. के. हेब्बर आणि अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांनी सर कावसजींकडे आग्रह धरला. जानेवारी १९५२मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या हस्ते ती खुली झाली. वास्तुरचनाकार दुर्गा बाजपेयी यांनी विटेटच्या घुमटाशी स्पर्धा करण्याचा मोह टाळला. त्यांनी काँक्रीटचे एक छत पदपथाच्या दिशेने पुढे काढले आणि त्याखाली दार ठेवले. भव्य जिना, खांबांची रांग, दारात अडवणारा चोपदार यांतले काही नाही. पावसात सापडलेला माणूस त्या छताखाली थांबतो, आत दिवे दिसतात म्हणून डोकावतो आणि चित्रांसमोर जाऊन उभा राहतो. तिकीट नसते. मुंबईत चित्रकलेचा पहिला परिचय असा पावसामुळे झालेली माणसे थोडीथोडकी नसतील.

आतला व्यवहार तर त्याहून साधा. दालन भाड्याने मिळते. चित्रकाराने अर्ज करायचा, कामांची छायाचित्रे द्यायची, छाननी होते, मग तारखेची प्रतीक्षा, आणि ती काही वर्षांची असते. तारीख आली की मंगळवार ते सोमवार असा एक आठवडा. सोमवारी सायंकाळी चित्रे उतरतात आणि पुढच्याची चढतात. बाजूच्या दालनात कोण आहे, यावर कोणाचाच ताबा नसतो. एका दालनात अमूर्त चित्रे, पलीकडे वाराणसीचे घाट, त्याच्या पलीकडे कोणाची व्यक्तिचित्रे. कलासमीक्षकांना ही खिचडी नेहमीच खटकली आहे. घोडे, गणपती, बुद्धाचे मुखवटे, कोकणातली कौलारू घरे यांची रांग पाहून नाके मुरडणे सोपे असते, आणि पुष्कळदा ते रास्तही असते. सुमार चित्रे तेथे भरपूर लागली आहेत.

परंतु इतिहासाच्या बाजूने पाहिले तर या खिचडीचा हिशेब वेगळा निघतो. तय्यब मेहता यांचे पहिले एकल प्रदर्शन १९५९मध्ये जहांगीरमध्ये झाले. बडोद्यात हिशेबनीस म्हणून काम करणाऱ्या भूपेन खख्खर यांचे १९६५मध्ये. मुंबईत दवाखाना चालवणाऱ्या गीव्ह पटेल यांचे १९६६मध्ये. त्या त्या वेळी ही माणसे मोठी नव्हती; ती मोठी होतील हे कोणी ओळखलेही नव्हते. त्यांना ओळखणारा परीक्षक लागला नाही, एवढेच या व्यवस्थेचे योगदान. पुढे नव्वदच्या दशकाच्या आरंभी हुसेन यांनी याच दालनात ‘श्वेतांबरी’ या नावाने पांढरे कापड आणि वर्तमानपत्रांचे कागद पसरून ठेवले आणि चित्रे पाहायला आलेले लोक चक्रावले. कोणत्या समितीपुढे हा प्रस्ताव ठेवला असता तर तो किती बैठका टिकला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

भाड्याच्या भिंतीची सर्वांत कठीण परीक्षा मात्र फार लवकर झाली होती. १९५४ साली पॅरिसहून आलेल्या सव्वीस वर्षांच्या अकबर पदमसी यांनी जहांगीरमध्ये आपली चित्रे लावली. त्यांत ‘लव्हर्स’ नावाची दोन चित्रे होती, नग्न स्त्रीपुरुषांची; पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर. पोलिसांनी ती उतरवायला सांगितली. पदमसींनी नकार दिला. अश्लीलतेच्या कलमाखाली त्यांच्यावर खटला भरला गेला. कलेच्या जाणकारांनी न्यायालयात साक्षी दिल्या आणि पदमसी निर्दोष सुटले.

हा प्रसंग सहसा धाडसी कलावंत आणि संकुचित पोलीस अशा साच्यात सांगितला जातो, आणि धाडस होतेच. त्यातली एक साधी बाब मात्र निसटते. चित्र भिंतीवर लागले होते म्हणूनच खटला होऊ शकला. आधीच्या काळातील परीक्षक मंडळापुढे ती दोन चित्रे गेली असती तर बहुधा कोणत्याही गाजावाजाविना परत आली असती: ना पंचनामा, ना साक्ष, ना निकाल. नाकारलेल्या चित्राचा इतिहास राहत नाही. पोलिसाने लेखी आरोप केला, त्याला उत्तर देता आले, न्यायाधीशाला कारणे लिहावी लागली. सेन्सॉरशिप उघड्यावर येते तेव्हा तिच्याशी लढता तरी येते. छाननीच्या खोलीत ती ‘सध्या जागा नाही’ एवढ्या वाक्यात उरकते. २०१९च्या वादाला हाच धागा जोडलेला आहे, पण त्याआधी जहांगीरचा पहिला मजला पाहायला हवा.

१९६३मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांनी याच वास्तूच्या वरच्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. तेथे भाडे नव्हते; गॅलरीचालक स्वतःच्या नजरेने चित्रकार निवडत, त्याला वर्षानुवर्षे सांभाळत, त्याची चित्रे विकून देत. १९६४मध्ये तळमजल्यावर, म्युझियमच्या बागेच्या बाजूच्या चिंचोळ्या पट्ट्यात उषा खन्ना यांनी ‘समोवार’ हे उपाहारगृह उघडले. बाहेर पदपथावर ज्यांना तारीख मिळालेली नाही, किंवा भाडे परवडत नाही, असे चित्रकार आपापली चित्रे कठड्याला टेकवून बसू लागले.

अशा रीतीने साठच्या दशकापासून पुढे एकाच इमारतीच्या परिघात भिंतीचे तीन न्याय नांदत होते. पदपथावर कोणाचीच परवानगी नको. आत भाडे आणि प्रतीक्षा. वर एका जाणकाराची निवड. आणि या तिघांना जोडणारे चहाचे टेबल. वरच्या मजल्यावरचा नामांकित चित्रकार आणि साताऱ्याहून पहिल्यांदा प्रदर्शन घेऊन आलेला कलाशिक्षक एकाच जिन्याने, एकाच दाराने जात. भेटले पाहिजे असे बंधन नव्हते, पण टाळणेही अवघड होते. मुंबईच्या कलाविश्वाचे जे काही मोकळेपण सांगितले जाते त्यातील पुष्कळसे या अपघाती शेजाराचे आहे. ते कोणी धोरण म्हणून आखले नव्हते.

तो शेजार आज उरलेला नाही. केमोल्ड २००७मध्ये प्रेस्कॉट रोडवरील क्वीन्स मॅन्शनच्या तिसऱ्या मजल्यावर गेले. समोवार मार्च २०१५अखेर बंद झाले. दरम्यान फोर्ट आणि कुलाब्यातील जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर एकेक उत्तम खासगी गॅलरी थाटली गेली. प्रवेश तेथेही विनामूल्य आहे, कामे पुष्कळदा जहांगीरपेक्षा कितीतरी सरस असतात, हे मान्यच करायला हवे. फक्त जिना चढून, बंद दाराची घंटा वाजवून, आपण आत येण्याजोगे दिसतो की नाही या शंकेसह उभे राहायचे, याला एक प्रकारची सवय लागते. पावसात आडोशाला आलेला माणूस तिसऱ्या मजल्यावर जात नाही.

बाजार या काळात किती मोठा झाला, हे एका आकड्यावरून दिसते. डिसेंबर २०१३मध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने भारतातील आपला पहिला लिलाव काळ्या घोड्यापासून चालत जाता येईल अशा ताजमहाल हॉटेलात केला. केकू गांधी आदल्या वर्षी निवर्तले होते. त्यांच्या संग्रहातील चित्रेही त्या विक्रीत होती. वासुदेव गायतोंडे यांचे १९७९चे एक शीर्षकहीन चित्र तेथे २३ कोटी ७० लाखांना गेले. गिरगावातील चाळीत वाढलेल्या, आयुष्यभर मोजकेच बोलणाऱ्या आणि मोजकेच रंगवणाऱ्या चित्रकाराला त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी मिळालेली ही किंमत. तिच्याबद्दल हळहळ किंवा अभिमान, दोन्ही बाळगता येतात. पण मराठी वाचकाला गायतोंडे कोण होते हे सविस्तर सांगितले ते बाजाराने नव्हे; ते काम सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ने केले, अंकामागून अंक आणि मग ग्रंथ काढून. बाजार चित्राची किंमत नोंदवतो. चित्रकार कोणाशी बोलत असे, कोणत्या भिंतीवर त्याने प्रथम चित्र लावले, ते पाहून कोण काय म्हणाले, हे नोंदवण्याचे त्याला कारण नसते.

उरते शासनाची भिंत.

कावसजी जहांगीर हॉल मुळात सभांसाठी आणि संगीताच्या कार्यक्रमांसाठी होता. काळ बदलला, नवी वातानुकूलित सभागृहे आली, आणि हा हॉल मुष्टियुद्धाच्या लढती, कामगार संघटनांच्या सभा, लग्नाचे स्वागतसमारंभ यांसाठी भाड्याने जाऊ लागला. शिल्पकार पिलू पोचखानवाला यांनी तो आधुनिक कलेचे संग्रहालय व्हावा म्हणून पाठपुरावा केला. केकू गांधीही त्यात होते. पोचखानवाला १९८६मध्ये वारल्या. संग्रहालय उघडायला १९९६ साल उजाडले. आतला सभागृहाचा भाग फोडून पायऱ्यांनी जोडलेली अर्धवर्तुळाकार दालने रचली गेली, शेवटच्या टप्प्यावर घुमट. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय १९५४चे. मुंबईला तिची शाखा मिळायला बेचाळीस वर्षे लागली, आणि ती मिळाली ती येथील कलावंतांनी दारे ठोठावली म्हणून. एका मंत्रालयाला एके दिवशी मुंबईची आठवण झाली, असे घडलेले नाही.

स्थानिक सल्लागार समितीचा प्रश्न येथे येतो. समितीची मुदत संपली होती आणि नवी नेमायची होती, अशी शासकीय बाजू २०१९मध्ये मांडली गेली. ती मान्य केली तरी पालेकरांनी व्यक्त केलेली चिंता संपत नाही. पुढे त्याच वर्षाच्या अखेरीस सुधीर पटवर्धन यांचे मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन या वास्तूत झाले, ही समाधानाची गोष्ट. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत लोकल गाड्या, इराणी हॉटेले, चाळी आणि बांधकामावरचे मजूर रंगवणाऱ्या या चित्रकाराला त्या भिंती मिळाल्या नसत्या तर संग्रहालयाचेच हसे झाले असते. पण एखादे चांगले प्रदर्शन झाले याचा अर्थ निवडीची पद्धत ठीक आहे असा होत नाही. सर्वांत मनमानी दरबारातही अधूनमधून उत्तम गवई गाऊन जात.

समिती म्हणजे शहाणपणाची हमी, असे मानण्याचेही कारण नाही. आराचे चित्र नाकारणारे मंडळ स्थानिकच होते आणि त्यात चित्रकलेची जाण असलेली माणसे होती. स्थानिक समितीत गटबाजी असते, उपकारांची परतफेड असते, जे. जे.चे जुने हेवेदावे असतात. तिचा लाभ दुसरीकडे आहे. तिच्यातील माणसांची नावे ठाऊक असतात. अमुक प्रदर्शन का झाले आणि तमुक का नाही, हे त्यांना जहांगीरच्या दारात गाठून विचारता येते, वर्तमानपत्रात त्यांच्यावर टीका करता येते, नाराज चित्रकार त्यांच्याशी अबोला धरू शकतो. आरा आणि त्याच्या मित्रांना सोसायटीविरुद्ध गट काढता आला, कारण सोसायटी समोर होती. मंत्रालयातील टिपणीविरुद्ध कोणता गट काढणार?

पालेकरांना थांबवणाऱ्यांना बहुधा प्रसंगाचे औचित्य सांभाळायचे होते. बरव्यांच्या सोहळ्यात कारभाराची चर्चा नको, एवढेच. परंतु एखाद्या चित्रकाराच्या सिंहावलोकनी प्रदर्शनात, असे पुढचे प्रदर्शन कसे ठरेल याविषयी बोलणे अवांतर कसे? बरव्यांच्या बाबतीत तो प्रश्न सर्वांत समर्पक होता. त्यांचे काम ना लिलावाच्या झगमगाटाचे, ना सहज डोळ्यांत भरणारे. एक घड्याळ, एक पान, एक रिकामी पेटी, आणि त्यांच्यामधले अंतर. अशा कामासाठी घुमटापर्यंतचे मजले मोकळे करावेत, हे त्या कामाशेजारी आयुष्य काढलेल्या माणसांनाच प्रथम सुचते.

मागणी म्हणून पाहिले तर ती फार मोठी नाही. समितीत कोण आहे ते प्रसिद्ध व्हावे, तिची मुदत संपण्यापूर्वी पुढची नेमली जावी, नाकारलेल्या प्रस्तावांना दोन ओळींचे लेखी कारण मिळावे. पदमसींना न्यायालयाकडून जे मिळाले तेवढे आजच्या चित्रकाराला संग्रहालयाच्या कार्यालयातून मिळायला हरकत नसावी.

या साऱ्यात मुंबईबाहेरच्या चित्रकाराचे काय, हा प्रश्न जहांगीरलाही विचारायला हवा. भाड्याची भिंत सर्वांना खुली, हे अर्धेच खरे. तालुक्याच्या शाळेतील कलाशिक्षकाला त्या एका आठवड्यासाठी भाडे, चौकटी, टेम्पो, छापील पत्रिका आणि मुंबईतील मुक्काम एवढे सारे उभे करावे लागते. कित्येक जण निवृत्तीच्या पैशातून करतात. एकही चित्र न विकता सोमवारी रात्री तोच टेम्पो भरून परत जातात. आयुष्यात एकदा जहांगीरला प्रदर्शन, ही महाराष्ट्रातील चित्रकारांमधील वारीसारखी गोष्ट झाली आहे, आणि वारीत जसे गरिबाचे हाल अधिक होतात तसेच येथेही. २००८-०९मध्ये पटवर्धनांच्या पुढाकाराने ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातील अनेक शहरांत फिरले होते. भिंतच माणसांकडे न्यायची, असा तो उलटा प्रवास. खासगी गॅलरीच्या बळावर तो झाला. शासनाच्या संग्रहात शेकड्यांनी चित्रे असताना अशी फिरती प्रदर्शने शासनाने नियमाने का काढू नयेत, याला तांत्रिक कारणे दिली जातील: विमा, हवामान, सुरक्षा. ती खरी आहेत आणि एका खासगी गॅलरीने ती सोडवलीही होती.

शेवटी एका वहीविषयी. जहांगीरमधील प्रत्येक प्रदर्शनात दाराजवळच्या टेबलावर अभिप्रायाची वही असते. शेजारी पत्रिकांचा गठ्ठा. १९५२पासून तीन हजारांहून अधिक आठवडे उलटले आहेत आणि दर आठवड्याला एकाहून अधिक दालने भरली आहेत. त्या वह्यांत प्रतिष्ठितांच्या सह्या आहेत, तसेच समोरच्या कार्यालयातल्या कारकुनाने, शाळेच्या सहलीतल्या मुलाने, पावसात अडकलेल्या कोणी लिहिलेले चार शब्दही आहेत. प्रदर्शन संपले की वही चित्रकाराबरोबर जाते. चित्रकार गेला की ती त्याच्या घरातल्या माळ्यावर, आणि घर रिकामे करताना बहुधा रद्दीत. मोठ्या चित्रकारांची कागदपत्रे आता जतन होऊ लागली आहेत. ‘शिल्पकार चरित्रकोशा’च्या दृश्यकला खंडासारखी कामेही मराठीत झाली आहेत. परंतु या शहरातील सामान्य प्रेक्षक चित्रासमोर उभा राहून काय म्हणत होता, याचा पुरावा त्या वह्यांतच आहे. तारीख, चित्रकाराचे नाव, पत्रिकेची एक प्रत आणि वहीच्या पानांची छायाचित्रे एवढे जरी दर सोमवारी चित्रे उतरवताना काढून ठेवले, तरी पुढच्या संशोधकाला निदान आजपासूनचा इतिहास मिळेल. मागचा मिळवायचा असेल तर तो सध्या सांगली, नागपूर, पनवेल, ठाणे येथील माळ्यांवर आहे, आणि त्या घरांपैकी कित्येकांचा पुनर्विकास सुरू आहे.